नवी वस्तू वापरून बघायची रीत: चेहऱ्याच्या क्रीमपासून फरशीच्या फिनेलपर्यंत

कॉट बेसिसवरची खोली असो, नोकरीच्या गावचा वन आरके असो की लग्नानंतरचा नवा संसार, पहिल्या महिन्यात एक गोष्ट कळते. साबण, शॅम्पू, भांड्यांचं लिक्विड, फिनेल या वस्तू घरात आपोआप येत नसतात, कोणीतरी त्या आणत असतं. आता ते कोणीतरी म्हणजे आपण. दुकानात समोर बाटल्यांची अख्खी भिंत असते, मोबाइलवर रोज कोणी ना कोणी 'हे एकदा वापरूनच बघा' म्हणत असतं, आणि घरी येऊन महिनाभरात बाथरूमच्या फळीवर अर्धवट वापरलेल्या बाटल्यांची रांग लागते.

वापरून बघायला हरकत काहीच नाही, फक्त त्याची एक रीत आहे. गालाची कातडी असो की ओट्याचा कडप्पा, नवी वस्तू एका वेळी एकच, थोडीशी, न दिसणाऱ्या जागी लावायची आणि मग थांबायचं. सगळ्यांची गाडी अडते ती या थांबण्यावर.

१. आणण्याआधी कारण सांगता आलं पाहिजे

'चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा होतो.' 'नळावर पांढरा थर बसतो.' 'डोक्यात कोंडा होतोय.' असं एक साधं वाक्य तयार असेल तरच दुकानात जा. 'पॅकिंग छान होतं' हे वाक्य चालणार नाही.

पुष्कळदा दोष वस्तूचा नसतोच. शहराच्या नव्या वस्त्यांमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं, त्यात क्षार जास्त असतात, आणि लोक फेस येत नाही म्हणून शॅम्पू बदलत बसतात. आधी पाणी तपासा. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाच्या वडीचा थोडा कीस टाका, झाकण लावून जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी मऊ. फेस बसून पाणी दुधट झालं आणि वर साय आल्यासारखे कण तरंगले तर पाणी जड. ही तपासणी साबणाच्या वडीनेच करायची. भांड्यांच्या लिक्विडला जड पाण्यातही फेस येतो. पाणी जड निघालं तर शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेऊन केस धुवून बघा. तेवढ्याने फरक पडला तर नवी बाटली आणायचं कारणच उरत नाही.

२. लहान पुडी आणि खोक्यावरची बारीक अक्षरं

पहिली खरेदी सगळ्यात लहान पाकिटाची. शॅम्पूची पुडी, क्रीमची छोटी ट्यूब, फरशीच्या लिक्विडचं पाऊच. मोठी बाटली दर शंभर मिलीला स्वस्त पडते हे खरं, पण ती शेवटपर्यंत वापरली तर.

मग खोकं हातात घेऊन फिरवा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, मजकूर मागे असतो. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, तयार केल्याचा महिना, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, वजन, सर्व करांसहित किंमत आणि उत्पादन परवान्याचा नंबर, एवढं सौंदर्यप्रसाधनावर असायलाच हवं. आपल्याकडे यासाठी कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू आहेत. बाहेरच्या देशातून आलेली वस्तू असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांकही लागतो. 'कोरियाहून आणलंय' म्हणून मिळालेल्या डबीवर एकही ओळ वाचता येत नसेल, तर ती कितीही गोड दिसो, ठेवून द्या.

घटकांची यादी वाचायला एक युक्ती आहे. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, कमी ते नंतर, असा क्रम असतो. एक टक्का आणि त्याखालचे घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. बाटलीवर कोरफडीचं भलंमोठं हिरवं पान आणि यादीत कोरफड सुगंधाच्याही नंतर, असं दिसलं की काय ते समजून घ्या. 'डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड' या शब्दांतून तपासणी झाली एवढंच कळतं, तपासणीत काय निघालं ते नाही. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '६ एम' किंवा '१२ एम' असं दिसलं तर उघडल्यापासून सहा किंवा बारा महिन्यांत संपवा. उघडल्या दिवशी मार्करने तळाला तारीख लिहून टाका, नंतर कोणाला आठवत नाही.

साबणाच्या बाबतीत वेष्टनावरचा टीएफएम बघा. तो साबणातल्या एकूण मेदाचा आकडा. भारतीय मानकांप्रमाणे टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीत तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० असतो. 'बेदिंग बार' ही वेगळी जात, तिला ४० टक्केही चालतात. मात्र आकडा मोठा म्हणजे साबण चेहऱ्याला सौम्य, असा अर्थ काढू नका. खऱ्या साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) नऊ-दहाच्या घरात असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास, त्यामुळे कोरड्या चेहऱ्याला चांगल्यातला चांगला साबणही ओढतो. तिथे साबणाऐवजी सौम्य फेसवॉश बरा.

जाता जाता, खोबरेल तेलाची बाटलीही एकदा वाचून बघा. बहुतेक बाटल्यांवर 'खाद्यतेल' असंच लिहिलेलं असतं. लहान बाटलीतलं तेल खाण्याचं की डोक्याचं, हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खाद्यतेल म्हणून विकलेलं तेल बाटली लहान आहे एवढ्यावरून केसांचं ठरत नाही.

३. आधी कोपराच्या आत, मग चेहऱ्यावर

दुकानात हाताच्या पाठीवर क्रीम चोळून बघणं हा वास आणि चिकटपणा तपासायचा प्रकार झाला. ॲलर्जी त्यात कळत नाही. ॲलर्जीचं पुरळ बहुधा लगेच उठत नाही, दोन-तीन दिवसांनी उठतं. म्हणून घरी नीट करा:

कोपर वाकवल्यावर जिथे घडी पडते, तिथल्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर वस्तू लावा. क्रीम, लोशन, सनस्क्रीन अशी अंगावर राहणारी वस्तू दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. फेसवॉश किंवा मास्क असेल तर जेवढा वेळ तो चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच तिथे ठेवा आणि धुवून टाका, पण रोज करा. काही झालं नाही तर जबड्याखाली कानाजवळ दोन-तीन दिवस लावून बघा, कारण तिथली त्वचा चेहऱ्याला जास्त जवळची. तेही निभावलं तर मग तोंडावर.

काय बघायचं? लावल्या लावल्या जरा चुरचुरलं आणि मिनिटभरात थांबलं, तर व्हिटॅमिन सी किंवा सॅलिसिलिक ॲसिडसारख्या घटकांनी तेवढं होऊ शकतं. खाज, लालसर चट्टा, सूज, बारीक पाण्याचे फोड, किंवा दुसऱ्या दिवशीही न जाणारी आग यांतलं काहीही दिसलं की धुवा आणि थांबा. 'सवय होईल' असं म्हणत रेटू नका. ॲलर्जीची सवय होत नाही, ती वाढत जाते.

लग्न आठ दिवसांवर आलं असताना, किंवा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, चेहऱ्यावर नवं काहीही सुरू करू नये. पार्लरवाल्या ताईंनी कितीही आग्रह केला तरी.

४. केसांचा रंग, काळी मेंदी आणि टिकली

केसांच्या गडद रंगांत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि ॲलर्जी देण्यात ते अव्वल आहे. ते असलेल्या रंगाच्या खोक्यावर 'आधी चाचणी करा' आणि 'पापण्यांना किंवा भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं' अशी सूचना छापणं आपल्याकडे सक्तीचं आहे. ती सूचना कोणी वाचत नाही. रंग लावायच्या ४८ तास आधी, माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे, कानामागे थोडा लावून बघायचा, आणि हे दर वेळी करायचं. कारण वर्षानुवर्षं निमूट चाललेला रंगही एखाद्या दिवशी उलटतो. डोक्याला खाज, कपाळ आणि पापण्या सुजलेल्या, हे चित्र त्वचारोगतज्ज्ञांना नवं नाही.

मेंदीचंही तसंच. खऱ्या मेंदीचा रंग आधी नारिंगी चढतो आणि मग तपकिरी होतो. दहा मिनिटांत कोळशासारखी काळी होणारी मेंदी जत्रेत दिसली तर त्यात पीपीडी मिसळलेलं असायची दाट शक्यता. मुलांच्या हातावर तर नकोच.

आणि टिकली. रोज लावतो म्हणून तिच्याकडे 'वस्तू' म्हणून कोणी बघतच नाही. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचा घटक असतो. तो त्वचेतल्या रंगपेशींनाच मारतो आणि कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग राहतो. बहुतेकींना आधी थोडी खाज येते, पण त्या टिकली जरा वर नाहीतर खाली सरकवून लावत राहतात. खाज आली की त्या पाकिटातली टिकली बंद. रात्री काढून ठेवा, एकच टिकली आठवडाभर आरशावर चिकटवून पुन्हा पुन्हा वापरू नका. पांढरेपणा दिसू लागला असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा, कारण सुरुवातीला रंग परत यायची शक्यता जास्त असते.

५. एका वेळी एक, म्हणजे अख्ख्या घरात एक

नवशिक्यांनी सकाळी तीनच गोष्टी कराव्यात. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री पहिल्या दोन. बाकीची सीरम नंतर, लागलीच तर. दोन नव्या वस्तूंमध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

हा नियम फक्त चेहऱ्यापुरता नाही. समजा, सोमवारी नवं बॉडी लोशन सुरू केलं आणि गुरुवारी कपड्यांची पावडर बदलली. शनिवारी मानेवर आणि कमरेवर खाज सुटली, तर दोष कोणाला द्यायचा? कमरेच्या इलॅस्टिकपाशी आणि कॉलरपाशी खाज म्हणजे बऱ्याचदा कपड्यात राहून गेलेली पावडर. पण दोन्ही एकदम बदललेलं असलं की दोन्ही टाकून द्यावं लागतं.

किती दिवस वाट बघायची? मॉइश्चरायझर पटतं की नाही हे आठवडाभरात कळतं. मुरमांवरच्या वस्तूला सहा ते आठ आठवडे द्या. डाग आणि वांगावरच्या वस्तूला दोन-तीन महिने. पंधरा दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून पुढची बाटली आणणारे लोक उपयोग व्हायच्या आतच बाटली बदलत असतात. ऋतूही ध्यानात घ्या. कोकणात जूनमध्ये जी क्रीम चिकचिकीत वाटते, ती नागपुरात जानेवारीत अपुरी पडते. त्यात क्रीमचा काय दोष?

सनस्क्रीनबद्दल दोन शब्द जास्त. एसपीएफ ३० नीट लावलं तर जळवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० लावलं तर सुमारे ९८. फरक एका टक्क्याचा. खरा फरक पडतो तो प्रमाणाने. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बहुतेक जण त्याच्या अर्ध्यावर भागवतात आणि मग सनस्क्रीन कुचकामी म्हणतात. एसपीएफ हा फक्त एका जातीच्या किरणांचा आकडा, दुसऱ्या जातीसाठी 'पीए' आणि पुढच्या अधिकच्या खुणा बघा. ते किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. सावळ्या रंगावर पांढरा थर दिसत असेल तर हलका रंग घातलेलं सनस्क्रीन घ्या. वांग असलेल्यांना त्यातल्या लोहाच्या रंगद्रव्याचा वेगळा फायदाही होतो. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

रेटिनॉल (सुरकुत्या आणि मुरमांसाठीच्या क्रीममधला 'अ' जीवनसत्त्वाचा प्रकार) सुरू करायचं असेल तर आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही. कोंड्यासाठी केटोकोनाझोल असलेला शॅम्पू आणलात तर तो डोक्यावर तीन ते पाच मिनिटं राहू द्या, लगेच धुतला तर पैसे मोरीत गेले. आणि कोंडा आहे म्हणून तेल चोपडू नका. कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. आजीला हे पटवणं तुमचं तुम्ही बघा.

६. आठ दिवसांत उजळवणारी डबी

ही पायरी नाही, इशारा आहे. काही वस्तू वापरून बघायच्याच नसतात.

आठवड्याभरात चेहरा उजळला, मुरमं गेली, त्वचा काचेसारखी झाली, असं एखाद्या क्रीमने होत असेल तर त्यात दोनपैकी एक गोष्ट असायची शक्यता असते. पहिली, स्टेरॉइड. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावं ट्यूबवर असतात. ही औषधं आहेत, ठरावीक रोगावर ठरावीक दिवस लावायची. मेडिकलमध्ये 'गोरं व्हायची क्रीम' किंवा 'नायट्याचं मलम' म्हणून ती सहज मिळून जातात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी परिस्थिती अशी. महिना-दोन महिन्यांनी क्रीम थांबवली की चेहरा लाल होतो, जळतो, पूर्वीपेक्षा जास्त मुरमं येतात, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. कातडी पातळ होते, केस वाढतात. यात अडकलेलं कोणी असेल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.

दुसरी गोष्ट पारा. तो त्वचेत रंग तयार होणं थांबवतो, म्हणून गोरेपणा येतो, आणि अंगात मुरून मूत्रपिंडावर जातो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा घटकांच्या यादीत कोणी लिहीत नाही. म्हणूनच वर सांगितलेला पत्ता आणि परवाना नंबर महत्त्वाचा. बिनपत्त्याची, पार्लरमध्ये डबीत भरून दिलेली, ओळखीतून आलेली क्रीम घेऊ नका.

७. स्वयंपाकघरातली प्रसाधनं

थोडक्यात: डाळीचं पीठ, दही, हळद बहुतेकांना चालतात, पण त्यांचीही चाचणी करा. विकतच्या उटण्यात सुगंध असतो, त्याचीही. लिंबू चेहऱ्यावर लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट मुरमावर लावू नका.

८. फरशी, ओटा, मोरी

आता घराकडे. इथली चाचणी सोपी, कारण फरशीला खाज येत नाही. पण एकदा गेलेली चमक घरच्या घरी परत येत नाही.

पहिलं काम, पायाखाली काय आहे ते ओळखा. कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड, आणि संगमरवरही त्याच कुळातला. आम्लाशी या सगळ्यांचं हाडवैर. संडासाच्या क्लीनरमध्ये साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्याचा एक थेंब काळ्या कडप्प्यावर पडला की बारीक बुडबुडे उठतात, हलकासा फस्स आवाज येतो, आणि पुसल्यावर तिथे राखाडी, खरखरीत ठिपका राहतो. तो डाग म्हणजे खाल्ला गेलेला दगड, कितीही घासा, निघायचा नाही. लिंबू पिळताना ओट्यावर सांडलेला रसही हेच करतो, जरा सावकाश. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींतली मोझॅकची फरशी म्हणजे सिमेंटात बसवलेल्या संगमरवराच्या चिपा, म्हणून तिलाही ॲसिड वर्ज्य. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल टिकाव धरतात, पण टाइलच्या मधली सिमेंटची रेघ झिजते आणि मग तिथेच मळ जास्त साचतो. भाड्याचं घर असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा, डिपॉझिट मालकाकडे असतं.

नवं लिक्विड आणलं की आधी लेबलवर सांगितल्याप्रमाणे पाण्यात मिसळा. बादलीत आधी पाणी, मग लिक्विड. दाराच्या मागे किंवा फ्रिजच्या खाली वीतभर जागेवर लावा, दहा मिनिटं थांबा, साध्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग खाली बसून तिरक्या उजेडात बघा. वरून सगळं सारखंच दिसतं. शेजारच्या फरशीपेक्षा तो तुकडा निस्तेज नाही, चिकट नाही, बोट फिरवल्यावर खरखर नाही, एवढं झालं की मग सगळी खोली.

जास्त ओतल्याने जास्त स्वच्छ होत नाही. चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. 'लिक्विड बेकार आहे, फरशी चिकचिक करते' या तक्रारीत बऱ्याचदा झाकण दोनऐवजी चार ओतलेलं असतं.

वास म्हणजे निर्जंतुकपणा नव्हे. जंतू मारणारं लिक्विड ओलं राहून साधारण दहा मिनिटं टेकावं लागतं, नेमकी वेळ लेबलवर असते. मळ असेल तर आधी साबणाच्या पाण्याने तो काढायचा, मळावर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. ब्लीच वापरणार असाल तर पाच टक्क्यांच्या ब्लीचचे २० मिली एक लिटर गार पाण्यात पुरतात. घरात मांजर असेल तर काळं फिनेल आणूच नका, फेनॉल जातीची रसायनं मांजराला सोसत नाहीत.

नळावरच्या पांढऱ्या क्षारांसाठी लिंबूफूल सगळ्यात स्वस्त. एक चमचा पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी काढून धुवा. खाली कडप्पा असेल तर ठिबकणार नाही असं बघा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना धुण्याचा सोडा लावू नका, काळी पडतात.

घरकामाला मावशी येत असतील तर नवी बाटली आणण्याआधी त्यांना विचारा. त्या रोज चार-पाच घरांत चार-पाच प्रकारची लिक्विडं वापरतात. कशाने डाग निघतो, कशाने हात सोलतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. हात त्यांचे आहेत, तेव्हा रबरी हातमोजे आणायचं काम तुमचं.

९. या बाटल्या एकत्र नकोत

ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. होतं ते असं: क्लीनरने पिवळेपणा गेला नाही, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर, ब्लीच आणि सॅनिटायझर, याही जोड्या विषारी. एका दिवशी एकच वापरा आणि मध्ये भरपूर पाणी जाऊ द्या. चुकून वास उठला तर साफसफाई तशीच टाकून आधी बाहेर पडा. श्वासाला त्रास झाला तर १०८.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा ही सगळ्यांची लाडकी जोडी मात्र निरुपद्रवी आहे, आणि बरीचशी निरुपयोगीही. दोघं एकमेकांना मारतात, फेस येतो, उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरलेत तर दोघांचाही उपयोग आहे.

फिनेल, ॲसिड, ब्लीच कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. मूळ बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठा. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा, मग डॉक्टर.

१०. कपडे

आतल्या शिवणीवर नव्या लिक्विडचा थेंब, पाच मिनिटांनी पांढऱ्या ओल्या फडक्याने दाबून बघा. फडक्यावर रंग उतरला तर तो कपडा वेगळा धुवा. एन्झाइम असलेली पावडर डागांवर छान चालते, पण रेशीम आणि लोकर ही प्रथिनंच असल्याने त्यांनाही ती खाते. पैठणीवर कसलाही प्रयोग करू नका, ती ड्रायक्लीनिंगलाच. फ्रंट लोड मशीनमध्ये त्याचीच कमी फेसाची पावडर. आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. काही मुलांमध्ये जन्मतः जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटतात.

११. नाही जमलं तर

बिल आणि खोकं पहिला महिनाभर जपून ठेवा. पुरळ उठलं तर तारखेसह फोटो काढा आणि वस्तू डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा, नुसतं नाव सांगून घटक कळत नाहीत. वस्तू बनावट वाटली, लेबलवर परवाना नंबर नाही, किंवा दुकानदार दाद देत नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. सौंदर्यप्रसाधनांच्या दर्जाबद्दल जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जा.

न पटलेला शॅम्पू कंगवे आणि स्वेटर धुवायला चालतो, फेसवॉश हात धुवायला. ज्या क्रीमची ॲलर्जी आली ती टाचांनाही लावू नका, ॲलर्जीला चेहरा आणि टाच वेगळी नसते. काजळ, लिपस्टिक, मस्कारा उघडलेले कोणाला देऊ नका आणि कोणाचे घेऊ नका. ब्लीच साठवून ठेवू नका, त्याचा जोर आपोआप उतरतो. रिकाम्या बाटल्या दोनदा खंगाळून सुक्या कचऱ्यात टाका. ॲसिडच्या बाटलीचं लेबल मात्र फाडू नका आणि झाकण घट्ट लावा, म्हणजे कचरा वेचणाऱ्याला आत काय होतं ते हात घालण्याआधी कळेल.